विश्लेषण : प्रोग्राम आहे, फाइलही आहे, तरी ‘लायब्ररी सापडत नाही’ असे संगणक का म्हणतो?

चिन्हावर दोनदा टिचकी मारली की मुकाट्याने उघडणारा प्रोग्राम कमांड लाइनवरून चालवायला गेले की अडून बसतो, हा अनुभव संगणकाच्या विद्यार्थ्यांपासून सेवा केंद्र चालवणाऱ्यांपर्यंत अनेकांचा आहे. लिनक्सवर ‘शेअर्ड लायब्ररी उघडता येत नाही, अशी फाइल किंवा फोल्डर नाही’ या अर्थाची ओळ येते. विंडोजवर अमुक डीएलएल सापडली नसल्याची चौकट उघडते. जावाचा प्रोग्राम असेल तर ‘अनसॅटिस्फाइड लिंक एरर’ असे शब्द आणि त्याखाली वीस-पंचवीस ओळींची रांग दिसते.

यावर बहुतेक जण दोनपैकी एक उपाय करतात. प्रोग्राम काढून पुन्हा टाकतात किंवा हरवलेल्या फाइलचे नाव इंटरनेटवर शोधून मिळेल त्या संकेतस्थळावरून ती उतरवून घेतात. पहिल्या उपायात वेळ जातो, दुसऱ्यात संगणकाची सुरक्षितता जाऊ शकते. खरे तर या सगळ्या एररच्या मुळाशी मोजकी चार कारणे असतात आणि त्यातले कोणते, हे बहुधा एररची ओळच सांगत असते. (येथे कमांड व फाइलची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत, टंकताना ती इंग्रजी अक्षरांत लिहायची असतात.)

नेटिव्ह लायब्ररी म्हणजे काय?

कोणताही प्रोग्राम सगळे काम स्वतः करत नाही. चित्र उघडणे, मजकूर सांकेतिक करणे, प्रिंटरशी किंवा यूएसबी टोकनशी बोलणे अशी कामे आधीच कोणीतरी लिहून ठेवलेली असतात. अशा तयार कामांचा संच म्हणजे लायब्ररी. ती थेट त्या प्रोसेसरच्या आणि त्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या भाषेत बांधलेली असेल तर तिला नेटिव्ह लायब्ररी म्हणतात. विंडोजवर अशा फाइलच्या नावाचा शेवट डीएलएल असा होतो, लिनक्सवर एसओ, तर मॅकवर डायलिब.

एकच लायब्ररी अनेक प्रोग्राम वापरतात. त्यामुळे डिस्कवर जागा वाचते आणि लायब्ररीतली एखादी चूक दुरुस्त केली की तिच्यावर अवलंबून असलेल्या सगळ्या प्रोग्रामना दुरुस्ती एकदम मिळते. याची किंमत एवढीच की प्रोग्राम सुरू होताना ती लायब्ररी नेमकी कुठे आहे हे दर वेळी शोधावे लागते. हे काम लोडर नावाचा ऑपरेटिंग सिस्टीमचा भाग करतो. एरर येते ती या शोधात.

‘सापडत नाही’ म्हणजे कुठे सापडत नाही?

लोडर संपूर्ण डिस्क धुंडाळत नाही. त्याच्याकडे ठरावीक जागांची यादी असते आणि तो त्याच जागा त्याच क्रमाने पाहतो. हे समजायला ठाणे जिल्ह्यातल्या एका नावाचा उपयोग होईल. भिवंडी–वाडा रस्त्यावर अंबाडी हे गाव आहे; अंबाडी नाक्यावरून वज्रेश्वरी-गणेशपुरीकडे रस्ता फुटतो. वसई पश्चिमेला अंबाडी रोड नावाचा वर्दळीचा रस्ता आहे. भाजीबाजारात ‘अंबाडी’ म्हटले तर आंबट पाल्याची जुडी हातात पडते. मालाच्या पावतीवर नुसते ‘अंबाडी’ लिहिले आणि गाडीवाल्याला फक्त वसईचेच रस्ते पाहायला सांगितले, तर भिवंडी तालुक्यातले गाव त्याला कधीच सापडणार नाही. गाव मात्र जागच्या जागी असते.

लोडरचे तसेच आहे. लिनक्सवर तो प्रोग्राममध्येच नोंदवलेला पत्ता, ‘एलडी लायब्ररी पाथ’ या चलात दिलेले फोल्डर, सिस्टीमने आधीच तयार करून ठेवलेली सूची आणि शेवटी लिब व यूएसआर-लिब हे ठरलेले फोल्डर पाहतो. आपण ज्या फोल्डरमध्ये उभे राहून कमांड देतो तो या यादीत आपोआप येत नाही. म्हणून प्रोग्रामच्या शेजारीच ठेवलेली लायब्ररीही त्याला ‘दिसत’ नाही. विंडोजवर नेहमीच्या मांडणीत आधी प्रोग्रामचा स्वतःचा फोल्डर, मग सिस्टीमचे फोल्डर, त्यानंतर चालू फोल्डर आणि अखेर ‘पाथ’ या चलातले फोल्डर असा क्रम असतो. त्यामुळे शेजारी ठेवलेली फाइल विंडोजवर चालून जाते आणि तीच सवय घेऊन लिनक्सवर आलेला माणूस गोंधळतो.

चार कारणे कोणती?

पहिले, लायब्ररी संगणकावर खरोखरच नाही. दुसरे, ती आहे, पण लोडरच्या यादीबाहेरच्या फोल्डरमध्ये. तिसरे, ती आहे आणि जागाही बरोबर आहे. पण जात वेगळी आहे, म्हणजे ३२-बिट प्रोग्रामला ६४-बिट लायब्ररी मिळाली, किंवा अॅपलच्या २०२० नंतरच्या एम मालिकेच्या प्रोसेसरवर जुन्या इंटेलसाठी बांधलेली फाइल पुढे आली. चौथे, लायब्ररी मिळाली, पण आवृत्ती चुकली किंवा ती स्वतः ज्या दुसऱ्या लायब्ररीवर अवलंबून आहे ती मिळाली नाही.

या चौथ्या कारणाने सर्वाधिक वेळ खाल्ला जातो, कारण एररमध्ये नाव एका फाइलचे येते आणि हरवलेली असते दुसरीच. विंडोजवर जावा ‘कान्ट फाइंड डिपेन्डन्ट लायब्ररीज’ म्हणते तेव्हा नाव दिलेली फाइल सापडलेली असते. तिच्या मागची सापडलेली नसते. हे न कळल्याने माणूस तीच फाइल पुन्हा पुन्हा इकडून तिकडे हलवत बसतो.

निदान कसे करावे?

लिनक्सवर ‘एलडीडी’ ही कमांड आणि पुढे प्रोग्रामचा पूर्ण पत्ता दिला की त्याला लागणाऱ्या सर्व लायब्ररींची यादी येते. प्रत्येक नावापुढे ती कुठे सापडली ते लिहिलेले असते. हरवलेल्या नावापुढे ‘नॉट फाउंड’ दिसते. अनेक प्रकरणांत निदान इथेच संपते. मात्र ज्या प्रोग्रामच्या उगमाची खात्री नाही त्यावर एलडीडी चालवू नये, कारण काही परिस्थितीत ती तो प्रोग्राम प्रत्यक्ष चालवू शकते. तिथे ‘रीडएल्फ’ला ‘हायफन डी’ जोडून यादी वाचणे सुरक्षित. ‘फाइल’ ही कमांड एखादी लायब्ररी ३२-बिट की ६४-बिट, इंटेलसाठी की आर्मसाठी, ते सांगते. लोडर नेमका कुठे कुठे डोकावला हे पाहायचे असेल तर ‘एलडी डीबग’ या चलाला ‘लिब्स’ हे मूल्य देऊन प्रोग्राम चालवावा. शोधाची प्रत्येक पायरी पडद्यावर उमटते.

मॅकवर हेच काम ‘ओटूल’ कमांडला ‘हायफन मोठा एल’ देऊन होते. विंडोजवर व्हिज्युअल स्टुडिओबरोबर येणारी ‘डम्पबिन’ कमांड लागणाऱ्या डीएलएलची यादी देते. एररमध्ये शून्य-एक्स-सी आणि शेवटी १३५ असा आकडा असेल तर डीएलएल सापडली नाही असा त्याचा अर्थ. शेवटी ७बी असेल तर बहुधा ३२ आणि ६४ बिटची सरमिसळ झालेली असते.

लिनक्सवरचा एक चकवा लक्षात ठेवण्याजोगा आहे. फाइल डोळ्यांसमोर असते, तिला चालवण्याची परवानगीही असते, तरी ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ असे उत्तर येते. ६४-बिट लिनक्सवर ३२-बिट प्रोग्राम चालवताना हे घडते. तिथे हरवलेला असतो तो खुद्द ३२-बिट लोडर. पण निरोपात त्याचे नाव येत नाही.

मराठी मजकूर ओळखणाऱ्या प्रोग्रामचे उदाहरण

जुने छापील मराठी कागद स्कॅन करून त्यातला मजकूर काढायचा असेल तर ‘टेसरॅक्ट’ हा मोफत प्रोग्राम अनेक जण वापरतात. १९८५ ते १९९४ या काळात तो एचपी कंपनीत घडला, २००५ मध्ये खुला झाला आणि २००६ पासून त्याच्या विकासाला गुगलचा आधार मिळाला. तो मराठीही वाचतो. चित्रांवरच्या प्रक्रियेसाठी तो ‘लेप्टोनिका’ या दुसऱ्या लायब्ररीवर अवलंबून असतो.

या एकाच प्रोग्रामच्या तीन एरर वेगवेगळ्या ओळखता आल्या की निम्मी लढाई जिंकली. पायथनमधून काम करणारे ‘पाय-टेसरॅक्ट’ टाकतात आणि ‘टेसरॅक्ट इन्स्टॉल नाही किंवा पाथमध्ये नाही’ असा निरोप मिळतो. कारण पाय-टेसरॅक्ट हा केवळ पूल आहे. पलीकडचे गाव, म्हणजे मूळ प्रोग्राम, स्वतंत्रपणे टाकावा लागतो. दुसरी एरर लेप्टोनिकाची फाइल उघडत नसल्याची असते. ही खरी नेटिव्ह लायब्ररीची अडचण. लेप्टोनिकाच्या नव्या आवृत्त्यांत फाइलचे नावच ‘लिबलेप्ट’ऐवजी ‘लिबलेप्टोनिका’ झाले आहे. त्यामुळे जुन्या संगणकावरून उचलून आणलेला टेसरॅक्ट नव्या संगणकावर लायब्ररी असूनही तिला ओळखत नाही. उपाय सोपा आहे : कॉपी करून आणलेली फाइल सोडावी आणि त्या लिनक्सच्या अधिकृत भांडारातूनच टेसरॅक्ट टाकावा, म्हणजे जुळणारी लेप्टोनिका बरोबर येते.

तिसरी एरर ‘एमएआर डॉट ट्रेन्ड-डेटा’ ही फाइल उघडत नसल्याची. ती लायब्ररी नाही, मराठीच्या अक्षरओळखीची विदा आहे. डेबियन व उबुंटूवर ती ‘टेसरॅक्ट-ओसीआर-एमएआर’ या पॅकेजमधून मिळते. या एररवर लायब्ररीचे पत्ते बदलत बसण्यात अर्थ नाही.

डिजिटल सही आणि जावाची अडचण

सरकारी ई-निविदा भरताना डिजिटल सहीचे प्रमाणपत्र लागते आणि ते यूएसबी टोकनमध्ये असते. महाराष्ट्रातल्या निविदा ज्या महाटेंडर्स संकेतस्थळावर भरल्या जातात तिथेही हीच पद्धत आहे. टोकनशी बोलण्यासाठी त्याच्या उत्पादकाने दिलेली नेटिव्ह लायब्ररी लागते. सही करणारा प्रोग्राम जावात असेल तर तो ही लायब्ररी जावाच्या मार्फत उघडतो. इथे गाडी अडली तर नुकसान खरे असते. निविदेची मुदत मिनिटावर संपते आणि संगणकाने दाखवलेली एरर सबब म्हणून चालत नाही.

समजा, अंबाडी नाक्यावरच्या एखाद्या कंत्राटदाराने संगणक बदलला. नव्या संगणकावर जावा ६४-बिट आहे आणि टोकनच्या जुन्या सीडीवरचा ड्रायव्हर ३२-बिट. एररमध्ये ‘३२-बिट डीएलएल ६४-बिट प्लॅटफॉर्मवर लोड करता येत नाही’ असे स्पष्ट लिहिलेले असते. हे तिसरे कारण. फोल्डर बदलून, पाथ बदलून काही होणार नाही. जावा आणि ड्रायव्हर दोन्ही एकाच जातीचे हवेत. ‘जावा हायफन व्हर्जन’ ही कमांड दिली आणि उत्तरात ‘६४-बिट’ असा उल्लेख आला तर जावा ६४-बिट. मग त्याच जातीचा ड्रायव्हर टोकनच्या उत्पादकाकडूनच घ्यावा. निविदेच्या शेवटच्या दिवसाआधी एकदा टोकन लावून पाहणे हा यावरचा सर्वांत स्वस्त विमा.

जावाच्या इतर प्रोग्रामांत बहुधा ‘नो अमुक इन जावा डॉट लायब्ररी डॉट पाथ’ अशी एरर येते. हे पहिले किंवा दुसरे कारण. लायब्ररी ज्या फोल्डरमध्ये आहे त्याचा पत्ता ‘हायफन डी जावा डॉट लायब्ररी डॉट पाथ’ या पर्यायाने द्यायचा असतो. इथे दोन चुका वारंवार होतात. हा पर्याय जार फाइलच्या किंवा क्लासच्या नावाआधी लिहावा लागतो. नंतर लिहिला तर जावा तो स्वतःसाठी न घेता आतल्या प्रोग्रामकडे पाठवते आणि काहीच बदलत नाही. दुसरे, फाइलचा नव्हे, तर फोल्डरचा पत्ता द्यायचा असतो. शिवाय या पर्यायाने फक्त पहिली लायब्ररी सापडते. तिच्या मागच्या लायब्ररी ऑपरेटिंग सिस्टीम आपल्या नेहमीच्या यादीतच शोधते. म्हणून विंडोजवर ‘पाथ’ आणि लिनक्सवर ‘एलडी लायब्ररी पाथ’ हेही नीट असावे लागतात.

कमांड लाइनवरच अडचण का येते?

एक्लिप्ससारख्या साधनात प्रोग्राम चालतो आणि बाहेर चालत नाही, याचे कारण त्या साधनाने लायब्ररीचे पत्ते पडद्यामागे भरलेले असतात. कमांड लाइनवर तो आधार नसतो. तिथे लागू असतात ती फक्त त्या खिडकीतली चले. विंडोजवर सेटिंगमध्ये ‘पाथ’ बदलला तरी आधीपासून उघडी असलेली खिडकी जुनाच पाथ धरून बसते. नवी उघडावी लागते. लिनक्सवर ‘एक्स्पोर्ट’ करून दिलेले चल ती खिडकी बंद होताच जाते. ‘सुडो’ लावून चालवले की ‘एलडी लायब्ररी पाथ’ गळून पडतो. ठरल्या वेळी आपोआप काम करणाऱ्या ‘क्रॉन’ला तर वापरकर्त्याच्या खिडकीतली चले मिळतच नाहीत. दिवसा हाताने चालवलेला प्रोग्राम रात्री क्रॉनमधून पडतो, तो यामुळे.

मोठ्या संगणकांवर हाच प्रश्न रोजचा आहे. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला. आज पुण्याच्याच आयसर संस्थेत ‘परम ब्रह्म’ आहे. अशा यंत्रांवर शेकडो संशोधक एकाच वेळी एकाच लायब्ररीच्या वेगवेगळ्या आवृत्त्या वापरत असतात. म्हणून ‘मॉड्यूल लोड’ ही कमांड रूढ झाली : हवी ती आवृत्ती निवडली की तिचे पत्ते त्या कामापुरते भरले जातात. ही कमांड कामाच्या स्क्रिप्टमध्येच लिहून ठेवणे हा तिथला सुज्ञ रिवाज आहे. रांगेत तासन्‌तास थांबलेले काम सुरू होताच लायब्ररीवाचून पडणे कोणालाच परवडत नाही.

काय करू नये?

पहिले, हरवलेली डीएलएल अनोळखी संकेतस्थळावरून उतरवू नये. डीएलएल म्हणजे चालणारा प्रोग्रामच; तिच्यात काय भरले आहे हे बाहेरून कळत नाही आणि प्रोग्रामला जेवढे अधिकार तेवढेच तिलाही मिळतात. ‘व्हीसी रनटाइम १४०’ किंवा ‘एमएसव्हीसीपी १४०’ नसल्याची एरर आली तर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरचा व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल संच टाकावा. तो मोफत आहे. प्रोग्राम ३२-बिट असेल तर ६४-बिट विंडोजवरही संच ३२-बिटचाच लागतो.

दुसरे, नाव बदलून फसवू नये. उबुंटू २२.०४ मध्ये ओपनएसएसएल ही लायब्ररी तिसऱ्या आवृत्तीत आली आणि १.१ मागणारे जुने प्रोग्राम अडले. काहींनी नव्या फाइलला जुने नाव देऊन पाहिले. पण नावाशेवटचा आकडा हा दोन बाजूंमधला करार असतो. करार बदलला म्हणूनच आकडा बदलतो. अशा जोडणीने प्रोग्राम कधी सुरूच होत नाही, कधी मधेच पडतो, तर कधी चुकीचे काम करतो. ओपनएसएसएल १.१.१ ची सर्वसाधारण देखभाल सप्टेंबर २०२३ मध्ये संपली, त्यामुळे जुनी आवृत्ती शोधून बसवणेही हिताचे नाही. प्रोग्रामचीच नवी आवृत्ती घेणे हा खरा मार्ग.

तिसरे, ‘जीलिबसी’ची अमुक आवृत्ती सापडली नाही असे आल्यास ती हाताने बदलू नये. लिनक्समधला जवळपास प्रत्येक प्रोग्राम या लायब्ररीवर उभा असतो. ती बिघडली तर साधी फाइल पाहण्याची कमांडही चालणार नाही. या एररचा अर्थ एवढाच की प्रोग्राम नव्या सिस्टीमवर बांधला आहे आणि चालवायची सिस्टीम जुनी आहे. प्रोग्राम जुन्या सिस्टीमवर पुन्हा बांधावा किंवा सिस्टीम अद्ययावत करावी.

मग क्रम कोणता?

एररची पूर्ण ओळ वाचावी आणि फाइलचे नेमके नाव, शेवटच्या आकड्यासह, टिपून घ्यावे. ती फाइल संगणकावर आहे का ते पाहावे. नसेल तर ती कोणत्या पॅकेजमध्ये येते हे डेबियन-उबुंटूवर ‘एपीटी-फाइल सर्च’ किंवा फेडोरावर ‘डीएनएफ प्रोव्हाइड्स’ने शोधून अधिकृत भांडारातून टाकावी. असेल तर तिची जात आणि आवृत्ती जुळते का ते तपासावे. दोन्ही जुळत असतील तरच पत्त्याकडे वळावे. तात्पुरती चाचणी असेल तर चलात फोल्डर द्यावा. कायमची सोय हवी असेल तर लिनक्सवर तो फोल्डर सिस्टीमच्या यादीत नोंदवून ‘एलडी-कॉन्फिग’ चालवावे. यूएसआर-लोकलमध्ये हाताने बांधलेली लायब्ररी टाकल्यावर ही एक कमांड राहून जाते आणि तासभर शोध चालतो. शेवटी मागच्या लायब्ररींची यादी पुन्हा तपासावी. एक सापडली की तिच्यामागे दडलेली दुसरी पुढे येते; तेव्हा एररमधले नाव बदलले तर तो बिघाड वाढल्याचा नव्हे, तर काम एक पाऊल पुढे सरकल्याचा पुरावा असतो.